पातं लवण्याआधी हे वाचा!

55 सीसी! रस्त्यावर जेमतेम जुन्या मोपेडएवढी ताकद, पण मॉडेल विमानात? दादा माणूस! हौशी मंडळींच्या लाडक्या डीएलई-55 या पेट्रोल इंजिनाला प्रॉपेलर लागतो 22 बाय 8 चा.

थांबा, हा पाढा नाही आणि फ्लेक्सचं मापही नाही! 22 इंच म्हणजे टोकापासून टोकापर्यंतची लांबी. 8 इंच हा पिच, म्हणजे एका फेरीत प्रॉप कागदोपत्री पुढे सरकेल तेवढं अंतर.

माहीत आहे का, इथे एक इंच फार महागात पडतो? 22 चा 23 केला, पिच आणि आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) तेच हवे असले, तर इंजिनावर जवळजवळ 20 टक्के जादा बोजा! लागणारी ताकद साधारण व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते ना. म्हणून लांबी वाढवली की मुरलेले खेळाडू पिचवर डोळा ठेवतात. जागच्या जागी लटकायची थ्रीडी स्टंटबाजी करायची? लांब प्रॉप, कमी पिच. सुसाट पळवायचंय? पिच वाढवा. दोन्ही एकदम हवंय? मग इंजिनाचा घाम काढा!

आता वेगाची गंमत. 22 बाय 8 चा प्रॉप 7,000 आरपीएमला फिरला, तर पिचच्या हिशेबाने विमान ताशी 85 किलोमीटर. आणि पात्याचं टोक? ताशी सुमारे 737! विमान बाइकच्या वेगाने, टोक जेटच्या तोऱ्यात. हे टोक ध्वनीच्या वेगाकडे सरकू लागलं की कर्कश्श बोंब सुरू. शेजारी कम्प्लेंट करतात ती बऱ्याचदा इंजिनाची नसते, प्रॉपची असते!

बोंबेचा बादशहा कोण? अमेरिकेचं एक्सएफ-84एच विमान, 1955 चं. प्रॉपची टोकं चक्क ध्वनीपेक्षा वेगवान! आवाजाने ग्राउंड क्रूला मळमळायचं. टोपणनाव पडलं थंडरस्क्रीच.

राइट बंधूंनी 1903 मध्ये साडेआठ फुटी लाकडी प्रॉप हाताने तासले. आडनावच राइट, साइझ राँग कशी येईल?

एकाच पात्याचा प्रॉपही असतो, माहीत आहे का? दोरीला बांधून गरागरा उडवायच्या स्पीड मॉडेलांत तो दिसतो. एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला नुसतं वजन. लंगडा आहे, पण ताशी 300 किलोमीटरच्या घरात धावतो!

बरं, निवडलेला प्रॉप बरोबर बसला हे ओळखायचं कसं? टॅकोमीटरने, म्हणजे पात्यांमुळे लुकलुकणारा प्रकाश मोजून आरपीएम सांगणाऱ्या मीटरने. फुल थ्रॉटलला आकडा फारच खाली आला, तर प्रॉप मोठा झाला. भलताच वर गेला, तर छोटा.

पण टॅकोमीटरच थापा मारत असेल तर? घरातली जुनी, चोकवाली ट्यूबलाइट लावा आणि मीटर तिच्यावर रोखा. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. दोन पात्यांच्या सेटिंगवर मीटरने बरोबर 3,000 दाखवायला हवेत. नाही दाखवले? इंजिनाला शिव्या घालू नका, आधी सेल बदला!