लाळेच्या नमुन्यातून जीवनसत्त्वांची यादी?

मुलांचा मेंदू, मुलांचं मन : लेखांक ५

स्वमग्नता आणि अतिचंचलता यांच्यामागे जनुकांचा वाटा किती मोठा असतो, ते गेल्या आठवड्यात आपण पाहिलं. ते वाचल्यावर पुढचा प्रश्न मनात येणं साहजिक आहे. जनुकं तपासता येतात, तर मुलाला कोणतं व्हिटॅमिन द्यायचं हेही त्यावरूनच ठरवता येईल की! तसा दावा करणाऱ्या चाचण्या बाजारात आहेतच. नळीत लाळ भरायची, कुरियरने पाठवायची आणि काही आठवड्यांनी रंगीत अहवाल हातात. अमुक जनुकापुढे लाल खूण, तमुक जनुकापुढे पिवळी, आणि शेवटच्या पानावर पूरकांची यादी : मिथाइलफोलेट, मिथाइल बी-१२, बी-६, झिंक, मॅग्नेशियम. ज्या घरात मूल बोलत नाही, रात्र रात्र झोपत नाही, शाळेतून रोज तक्रार येते, तिथे हा अहवाल फार मोठा आधार वाटतो. इतके दवाखाने झाल्यावर कुणीतरी पहिल्यांदाच ठाम उत्तर दिलेलं असतं. या आईवडिलांना दोष देण्याचं काहीच कारण नाही. ते उत्तर खरं आहे का, हे मात्र पाहायलाच हवं.

या अहवालांमध्ये सगळ्यात जास्त भेटणारं नाव म्हणजे एमटीएचएफआर. याच नावाचं एन्झाइम हे जनुक बनवतं. अन्नातल्या फोलेटला त्याचं शरीरात वापरता येण्याजोगं रूप देण्याच्या कामातली एक महत्त्वाची पायरी त्याच्याकडे असते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रीमा रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या जनुकातला एक फरक प्रसिद्ध केला. ६७७ व्या जागी 'सी'ऐवजी 'टी' हे अक्षर असलं, की एन्झाइम मंदावतं. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून 'टी' आला असेल, तर प्रयोगशाळेतल्या मोजणीत त्याचं काम नेहमीच्या सुमारे ३० टक्क्यांवर येतं.

हा आकडा ऐकून कोणाच्याही पोटात गोळा येईल. अहवालात तो ठळक छापलेला असतो तो त्यामुळेच. पण एन्झाइम मंद असणं वेगळं आणि शरीरात फोलेट कमी पडणं वेगळं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, दिलेला आकडा पाहा : फॉलिक अ‍ॅसिड (फोलेटचं कृत्रिम रूप) सारखंच घेतलं तर दोन्हीकडून 'टी' असलेल्यांच्या रक्तातलं फोलेट दोन्हीकडून 'सी' असलेल्यांपेक्षा सरासरी १६ टक्क्यांनीच कमी भरतं. अशी माणसं साधं फॉलिक अ‍ॅसिडही वापरू शकतात, हेही ते केंद्र स्पष्ट सांगतं. शिवाय हा फरक दुर्मीळ नाही. जगभर कोट्यवधी धडधाकट माणसं तो घेऊन जगत आहेत. रक्ताच्या गुठळ्या आणि वारंवार गर्भपात या कारणांसाठी ही चाचणी सर्रास लिहून दिली जायची. तीही नेहमीच्या तपासणीत करू नये, असं अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्येच सांगितलं.

दुसरं लाडकं जनुक सीओएमटी. ते डोपामाइनच्या विघटनाशी संबंधित आहे, म्हणून त्यावरून मूल 'चिंताळू' की 'लढाऊ' इथपर्यंत भाकितं केली जातात. एकेका जनुकाला मनाच्या आजाराशी जोडणारं संशोधन एके काळी ढिगाने झालं. २०१९ मध्ये नैराश्याशी जोडली गेलेली अशी १८ जनुकं लाखो लोकांच्या नमुन्यांवर पुन्हा तपासली गेली. कुठलीही १८ जनुकं डोळे मिटून उचलली असती, तरी नैराश्याशी त्यांचा जेवढा संबंध दिसला असता, त्याहून जास्त या नामांकित जनुकांचा निघाला नाही. पाया असा ढासळलेला असताना त्यावर मुलाच्या गोळ्यांचा हिशेब मांडणं मला मान्य नाही.

या धंद्याची सगळ्यात बोलकी तपासणी बरीच जुनी आहे. जुलै २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालासाठी अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने चार संकेतस्थळांवरून अशा चाचण्या मागवल्या. त्यासाठी १४ काल्पनिक ग्राहक तयार केले. त्यांतल्या १२ जणांच्या नावाने गेलेला नमुना खरं तर एकाच नऊ महिन्यांच्या मुलीचा होता. सोबतच्या अर्जात वय, व्यायाम, धूम्रपान वगैरे माहिती दर वेळी वेगळी भरली होती. सल्लेही तसेच वेगवेगळे आले! म्हणजे सल्ला अर्जावरून दिला जात होता, जनुकं नावाला. एका संकेतस्थळाने 'खास तुमच्यासाठी' म्हणून वर्षाला सुमारे १२०० डॉलरची पूरकं सुचवली. तशीच जीवनसत्त्वं किराणा दुकानात वर्षाला ३५ डॉलरच्या आसपास मिळत होती. जी कंपनी चाचणी विकते तीच गोळ्याही विकत असेल, तर तिथे सावध व्हावं, हे तेव्हाही लागू होतं आणि आजही आहे.

मग जनुकांचा आणि जीवनसत्त्वांचा संबंध खोटाच का? मुळीच नाही. खरी गोष्ट इतकी विलक्षण आहे, की तिच्याच पुण्याईवर हा बाजार चालतो. काही नवजात बाळांना औषधांना न जुमानणारे झटके येतात आणि बी-६ दिल्यावर ते थांबतात. हा आजार १९५४ पासून माहीत आहे आणि त्यामागचं मुख्य जनुक २००६ मध्ये सापडलं. या मुलांना बी-६ जन्मभर लागतं. बायोटिनिडेझ या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाला झटके येतात, त्वचेवर चट्टे उठतात, केस गळतात, पुढे ऐकणंही जाऊ शकतं. जन्मानंतर लगेच निदान झालं, तर रोजच्या काही मिलिग्रॅम बायोटिनवर ते मूल निरोगी वाढतं. आणि विल्सनचा आजार. शाळेत हुशार असलेला मुलगा अचानक मागे पडतो, अक्षर बिघडतं, स्वभाव चिडका होतो, हात थरथरतो. घरचे 'वयात आलाय' म्हणतात किंवा मानसोपचार सुरू होतात. प्रत्यक्षात एटीपी७बी या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्याने यकृतात आणि मेंदूत तांबं साठत असतं. तांबं आतड्यातून शोषलं जाऊ नये म्हणून इथे झिंक हे चक्क औषध म्हणून वापरतात.

या आजारांत आणि लाळेच्या अहवालात फरक आहे तो इथे. विल्सनचा संशय येतो लक्षणांवरून. मग रक्तातलं सेरुलोप्लाझमिन हे प्रथिन, चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं, डोळ्याच्या बुबुळाभोवतीचं कडं तपासतात आणि जनुकाची चाचणी त्यावर शिक्कामोर्तब करते. नुसती जनुकाची खूण, रक्तात काही नाही, तपासणीत काही नाही, अशा आधारावर कोणी जाणता डॉक्टर झिंक सुरू करणार नाही.

आपल्याकडे तर आणखी एक साधी गोष्ट या झगमगाटात हरवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेल्या अभ्यासात दोन-तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-१२ कमी आढळलं. फोलेट मात्र बहुतेकींचं पुरेसं होतं. आईच्याच अंगात बी-१२ नसेल तर अंगावर पिणाऱ्या बाळाला ते कुठून मिळणार? सहा महिन्यांच्या पुढे असं बाळ सुस्त होतं, हसेनासं होतं, बसायला शिकलेलं विसरतं, कधी हातपाय थरथरतात. बी-१२ दिलं की ते पुन्हा खेळायला लागतं, पण उशीर झाला तर मेंदूचं नुकसान मागे राहू शकतं. हे कळायला जनुकं लागत नाहीत, रक्ताची साधी तपासणी पुरते. तीच गोष्ट लोहाची. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय होता. चिडचिड, लक्ष न लागणं, अस्वस्थ झोप यांमागे लोहाची कमतरता असू शकते. लोह पुरेसं आहे की नाही, हे रक्तातलं फेरिटिन सांगतं, लाळ नाही.

'दिलं तर काय बिघडलं, व्हिटॅमिनच तर आहे' हे वाक्य मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. बी-६ मोठ्या मात्रेत बराच काळ घेतलं तर नसांना इजा होते, पायांना मुंग्या येतात, तोल जातो. न बोलणारं मूल हे सांगणार कसं? झिंक जास्त झालं तर शरीरातलं तांबं घटतं. बी-१२ ची कमतरता असताना नुसतं फोलेट वाढवलं, तर रक्तक्षय सुधारलेला दिसतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. आणि आपल्याकडच्या पूरकांच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशी सूचना छापणं नियमानेच बंधनकारक आहे. ती वाचा.

स्वमग्नता किंवा बौद्धिक वाढीतला उशीर असेल, तर क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे, फ्रॅजाइल एक्स यांसारख्या जनुकीय चाचण्या तज्ज्ञ सुचवतात. त्या जरूर कराव्यात. त्यांचा हेतू कारण शोधणं आणि पुढच्या गरोदरपणाबद्दल सल्ला देणं हा असतो. गोळ्यांची यादी त्यांतून निघत नाही. हातात आधीच लाळेचा अहवाल असेल तर तो फेकू नका, पण त्यावरून काही सुरूही करू नका. तो बालमेंदूविकारतज्ज्ञांना किंवा जनुकीय समुपदेशकांना दाखवा. मुलाला सध्या जे जे देत असाल त्याचे डबे सोबत न्या आणि एकच विचारा : 'या निकालामुळे उपचारात नेमकं काय बदलेल आणि त्याचा पुरावा काय?' खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तोच आपल्या पालघरमधून. तिथे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ल्युकोव्होरिनबद्दल, म्हणजे फोलिनिक अ‍ॅसिडबद्दल, मेंदूतल्या फोलेटच्या कमतरतेच्या संदर्भात घोषणा केली. तेव्हापासून अनेक पालक त्याविषयी विचारत आहेत. मेंदूतल्या फोलेटच्या कमतरतेचा हा विषय स्वतंत्र आहे आणि तो पुढच्या लेखांकात सविस्तर घेऊ. तोवर ते औषध कृपया आपल्या मनाने सुरू करू नका.