पाच मैलांतलं सामान

चर्च म्हटलं की उंच मनोरा, टोकदार कमानी, रंगीत काचा. लॉरी बेकर यांनी तिरुअनंतपुरमजवळ १९७०च्या सुमारास बांधलेल्या लोयोला चॅपेलमध्ये मात्र थाट आहे तो साध्या विटेचा. विटांच्या दोन भिंती, मध्ये पोकळी, आणि मोठ्या खिडक्यांऐवजी विटांचीच जाळी. वारा आत येतो आणि उजेड चाळून पडतो. काचेचा खर्च वाचतो, तो वेगळाच!

बेकर मूळचे बर्मिंगहॅमचे, जन्म १९१७चा. युद्धकाळात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतताना बोटीसाठी मुंबईत अडकले आणि तिथं गांधीजींची गाठ पडली. घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळावं, हे गांधीजींचं म्हणणं त्यांनी जन्मभर जपलं. १९४५ साली ते कुष्ठरोग्यांच्या मिशनचे वास्तुकार म्हणून भारतात आले. डॉ. एलिझाबेथ यांच्याशी लग्न करून पिथौरागढच्या डोंगरात सोळा वर्षं राहिले. खरी विद्या त्यांना डोंगरातल्या गवंड्यांनी दिली, असं मला वाटतं. कॉलेजात दगडाचा स्वभाव कोण शिकवणार? पुढं केरळात त्यांनी घरं बांधली, चर्चही बांधली. १९९० साली पद्मश्री मिळाली, २००७ साली ते गेले.

आता हा पाच मैलांचा नियम आपल्या बीडला लावून पाहा. मिळतो तो काळा पाषाण आणि काळी माती. ही माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, पायाची वैरीणच. पण दगड? कंकालेश्वराचं देऊळ त्याच दगडाचं, शेकडो वर्षं पाण्यात उभं आहे.

तरी ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेनंतर आपण दगडाला भ्यालो. शेजारच्या लातूर-उस्मानाबादेत (आजचं धाराशिव) भूकंपानं हजारो माणसं घरांखाली गेली. तेव्हापासून ज्याच्या हाती चार पैसे आले, त्यानं सिमेंटचा स्लॅब टाकला. उन्हाळ्यात त्याच्याखाली बसवत नाही, ही गोष्ट वेगळी.

दोष एकट्या दगडाचा नव्हता. मातीत रचलेल्या जाड भिंतींचे आतले-बाहेरचे थर सुटे होते आणि डोक्यावर धाब्याच्या मातीचं ओझं. भिंतीच्या आरपार जाणारा जोडदगड थोड्याथोड्या अंतरावर घातला, दारांवरून चौफेर पट्टा फिरवला आणि छत हलकं केलं, तर तीच भिंत बरंच सोसते. घर बांधायला काढलंत, तर गवंड्याला एवढं आधी विचारा : जोडदगड किती अंतरावर घालणार?