पाण्यात पडले ते वाचले, वस्तीवर पडले ते बुडाले!
माल्टा बेटाभोवतीच्या विमान अपघातांचा युद्धकाळातील आणि शांतताकाळातील इतिहास

सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटर अंतरावर भूमध्य समुद्रात वसलेल्या माल्टा बेटाची लांबी जेमतेम २७ किलोमीटर आणि रुंदी साडेचौदा किलोमीटर. जेट विमानाला हे बेट ओलांडण्यास दोन-तीन मिनिटेही पुरतात. असे असूनही या चिमुकल्या बेटाच्या जमिनीवर आणि सभोवतालच्या समुद्रात कोसळलेल्या विमानांची संख्या थक्क करणारी आहे. दुसऱ्या महायुद्धात येथे शेकडो विमाने नष्ट झाली. मात्र युद्ध संपल्यावरही अपघातांची मालिका थांबली नाही.

या अपघातांचा एकत्रित विचार केला असता एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. विमान शत्रूच्या गोळ्यांनी पडले की इंजिनातील बिघाडाने, यापेक्षा ते नेमके कोठे पडले, यावरच मनुष्यहानी अवलंबून राहिली. एवढ्याशा बेटावर धावपट्ट्यांच्या टोकापलीकडे दोनच शक्यता असतात. एक तर समुद्र, नाही तर गाव.

वेढ्याची अडीच वर्षे

इटलीने युद्ध पुकारल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ११ जून १९४० रोजी, माल्टावर पहिले बॉम्ब पडले. उत्तर आफ्रिकेतील जर्मन व इटालियन सैन्याला होणारा रसदपुरवठा तोडण्यासाठी ब्रिटनला हे बेट हवे होते आणि नेमक्या त्याच कारणासाठी जर्मनी व इटलीला ते निकामी करायचे होते. प्रारंभी बेटाच्या रक्षणासाठी होती ती ब्रिटिश नौदलाची मूठभर ग्लॅडिएटर विमाने. दोन पंखजोड्यांच्या या जुनाट विमानांना पुढे ‘फेथ’, ‘होप’ आणि ‘चॅरिटी’ ही नावे चिकटली. त्यांपैकी ‘फेथ’चा सांगाडा आजही व्हॅलेटा येथील युद्धसंग्रहालयात पाहावयास मिळतो.

१९४२ च्या वसंत ऋतूत हल्ल्यांनी कळस गाठला. एकट्या एप्रिल महिन्यात या बेटावर सहा हजार टनांहून अधिक बॉम्ब टाकण्यात आले. त्याच महिन्यात, १५ एप्रिल रोजी, ब्रिटनच्या राजाने संपूर्ण बेटाला ‘जॉर्ज क्रॉस’ हा शौर्यसन्मान दिला. पाच दिवसांनी ‘वास्प’ या अमेरिकी विमानवाहू नौकेवरून सेहेचाळीस स्पिटफायर विमाने माल्टात उतरली; परंतु त्यांपैकी बहुतेक विमाने काही दिवसांतच धावपट्टीवर उभ्या-उभ्याच नष्ट करण्यात आली. ९ मे रोजी पुढची तुकडी आली, तेव्हा जमिनीवरील कर्मचाऱ्यांनी आधीच्या अनुभवातून धडा घेतला होता. प्रत्येक विमानात काही मिनिटांत इंधन व दारूगोळा भरून ते पुन्हा आकाशात धाडण्यात आले. वेढ्याचे पारडे फिरण्यास येथूनच आरंभ झाला.

शत्रूवाचून झालेला संहार

युद्धकाळातील सर्वच विमाने शत्रूने पाडली, असा समज मात्र खरा नाही. त्याचे सर्वांत विदारक उदाहरण १७ नोव्हेंबर १९४० रोजी घडले. ‘आर्गस’ या विमानवाहू नौकेवरून बारा हरिकेन लढाऊ विमाने माल्टाकडे निघाली. सहा-सहांच्या दोन तुकड्या आणि प्रत्येक तुकडीला वाट दाखविण्यासाठी एक स्कुआ विमान, अशी रचना होती. इटालियन आरमाराच्या भीतीमुळे ही विमाने अंतराच्या अगदी अखेरच्या मर्यादेवरून सोडण्यात आली. वाटेत वारा फिरला आणि समोरून वाहू लागला. इंधनाची काटकसर होईल अशा रीतीने इंजिन कसे चालवावे, याचे पुरेसे ज्ञान वैमानिकांना नव्हते. परिणामी बारापैकी अवघी चार हरिकेन माल्टाला पोहोचली. उरलेल्या आठांच्या टाक्या समुद्रावरच रित्या झाल्या. एकही गोळी न झाडता एवढी हानी झाली होती. काही किलोमीटरचे अंतर आणि काही लिटर इंधन एवढाच काय तो फरक होता.

पाण्यावर उतरण्याची कला

इंजिन बंद पडल्यावर पाण्यावर उतरणे प्रत्येक विमानाला सारखे साधत नसे. हरिकेनच्या पोटाखाली रेडिएटरचा फुगीर भाग असे. पाण्याला स्पर्श होताच तो नांगरासारखा रुतून विमान नाकावर उलटण्याचा धोका होता. त्यामुळे पुरेशी उंची असल्यास हवाई छत्रीने उडी घेणेच लढाऊ वैमानिक पसंत करीत. दोन इंजिनांची बॉम्बफेकी विमाने मात्र तुलनेने सपाट उतरविता येत. त्यांतील माणसांना तराफ्यावर चढण्यास काही क्षण मिळत आणि कालाफ्राना व सेंट पॉल्स बे येथील बचावनौका त्यांच्या शोधार्थ निघत.

माल्टाच्या पाणबुड्यांना परिचित असलेले दोन अवशेष याचीच साक्ष देतात. डिसेंबर १९४१ मध्ये शत्रूच्या माऱ्याने जायबंदी झालेले ब्लेनहाइम विमान बेटाच्या आग्नेय किनाऱ्याजवळ समुद्रात उतरविण्यात आले. आज ते सुमारे ४२ मीटर खोलीवर आहे. १७ मार्च १९४३ रोजी एका ब्यूफायटर विमानाला उड्डाणानंतर थोड्याच वेळात तीव्र हादरे बसू लागले आणि वैमानिकाला ते किनाऱ्यालगत पाण्यात उतरवावे लागले. सुमारे ३८ मीटर खोलीवर हे विमान उलटे पडले आहे. या दोन्ही विमानांतील सर्व माणसे बचावली.

शांतता आली, अपघात थांबले नाहीत

युद्ध संपले तरी लुका, हाल फार आणि ता काली येथील धावपट्ट्या ब्रिटिश हवाई दल व नौदलाच्या वापरात राहिल्या. लोकवस्ती दाट आणि उड्डाणे अखंड, अशी ही स्थिती होती. ५ एप्रिल १९४६ रोजी एक वेलिंग्टन विमान रबात गावातील घरांवर कोसळले. विमानातील चौघे आणि जमिनीवरील १६ नागरिक मृत्युमुखी पडले. वेढ्याच्या काळात तळघरांत राहून जीव वाचविलेल्या गावकऱ्यांना शांततेच्या पहिल्याच वसंतात हा घाला सोसावा लागला. ३० डिसेंबर १९५२ रोजी लुकाजवळ लँकेस्टर विमान पडले, तेव्हाही मृतांमध्ये विमानातील कर्मचाऱ्यांबरोबर जमिनीवरील एका नागरिकाचा समावेश होता.

१८ फेब्रुवारी १९५६ चा अपघात मात्र बळींच्या संख्येत सर्वांत मोठा ठरला. इजिप्तमधील सुएझ कालवा परिसरातून मायदेशी परतणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या जवानांना घेऊन एका खासगी कंपनीचे चार इंजिनांचे यॉर्क विमान लुकाहून इंग्लंडकडे निघाले होते. उड्डाणानंतर काही क्षणांतच डाव्या बाजूच्या एका इंजिनात बिघाड होऊन धूर निघू लागला. चारपैकी एक इंजिन गेले तरी असे विमान उडू शकते. मात्र त्यासाठी वेग राखणे अत्यावश्यक असते. वेग घटला की पंखांना आधार देणारा हवेचा प्रवाह तुटतो आणि विमान दगडासारखे खाली येते. नेमके तेच घडले. झुर्रीक गावाजवळ विमान कोसळून ४५ प्रवासी व पाच कर्मचारी अशा सर्व ५० जणांचा अंत झाला. विमान गावाबाहेर पडल्याने जमिनीवर आणखी अनर्थ टळला, एवढेच.

झाब्बारची दुपार

माल्टातील जुन्या पिढीच्या स्मरणात आजही ताजा असलेला अपघात १४ ऑक्टोबर १९७५ चा. ब्रिटिश हवाई दलाचे व्हल्कन जातीचे प्रचंड बॉम्बफेकी विमान लुका येथे उतरताना धावपट्टीच्या किंचित अलीकडे जमिनीला आदळले. चाकांचा सांगाडा पंखात घुसून इंधनाच्या टाकीला इजा झाली. वैमानिकाने विमान पुन्हा वर उचलले. पण तोवर पंखाने पेट घेतला होता. झाब्बार या गजबजलेल्या गावाच्या माथ्यावर विमानाचा स्फोट झाला आणि जळते तुकडे रस्त्यांवर व घरांवर विखुरले.

विमानात सात जण होते. व्हल्कनमध्ये आसनासह बाहेर फेकले जाण्याची सोय केवळ दोघा वैमानिकांसाठी होती. मागे बसणाऱ्यांना तळाच्या दारातून स्वतःच उडी घ्यावी लागे. कमी उंचीवर तेवढा अवधी मिळणे अशक्यच होते. दोघे वैमानिक वाचले, मागचे पाचही जण दगावले. खाली रस्त्यावर तुटलेल्या वीजवाहक तारेमुळे एका महिलेचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. एवढा मोठा अग्निवर्षाव होऊनही गावातील बळींची संख्या एकावर थांबली, यामागे ग्रामस्थ दैवी कृपा मानतात. विमानाचे काही तुकडे तेथील चर्चच्या संग्रहालयात जतन करण्यात आले आहेत. या दुर्घटनेने व्हल्कनच्या रचनेतील उणीव मात्र पुन्हा एकदा अधोरेखित झाली. एकाच विमानातील माणसांच्या जगण्याची संधी त्यांच्या आसनावरून ठरत होती.

मार्च १९७९ अखेर ब्रिटिश सैन्याने माल्टा सोडले. हाल फारच्या जागी औद्योगिक वसाहत उभी राहिली, तर ता काली येथे आज हवाई संग्रहालय आहे. लुका हा आता देशाचा एकमेव आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. तेथूनच २४ ऑक्टोबर २०१६ रोजी सकाळी टेहळणीसाठी निघालेले दोन इंजिनांचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच विमानतळालगत कोसळले आणि त्यातील पाचही फ्रेंच नागरिक ठार झाले. ते वस्तीपासून थोडे दूर पडल्यामुळे जमिनीवर कोणाला इजा झाली नाही.

समुद्रतळावरील स्मारके

जमिनीवरचे अवशेष लगेच उचलले जातात, भंगारात जातात. समुद्रात पडलेली विमाने मात्र टिकून राहतात. १९४१ मध्ये बेटाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बुडालेले एक हरिकेन १९९५ मध्ये बाहेर काढण्यात आले आणि ता काली येथील संग्रहालयात त्याची पुनर्बांधणी झाली. परंतु प्रत्येक विमान वर काढणे इष्ट नव्हे. दशकानुदशके खाऱ्या पाण्यात राहिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा हवेत येताच अधिक वेगाने झिजू लागतो आणि त्याच्या जतनाचा खर्च अवाढव्य असतो. दुसरीकडे, जागेवर ठेवलेल्या अवशेषांना जाळी, नांगर आणि स्मृतिचिन्हे पळविणारे हौशी पाणबुडे यांचा धोका असतो. या पेचावर उपाय म्हणून माल्टाच्या राष्ट्रीय वारसा संस्थेने २०१९ मध्ये समुद्राखालील वारशासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. खोल पाण्यातील स्थळांवर नियंत्रित प्रवेश दिला जातो आणि ज्यांना तेथे पोहोचणे शक्य नाही, त्यांच्यासाठी इंटरनेटवर आभासी संग्रहालयही खुले आहे.

यातील काही अवशेष ही थडगीच आहेत. ६ मे १९४३ रोजी इटलीवरील हल्ल्यातून परतणारे अमेरिकी बी-२४ लिबरेटर विमान इंजिने निकामी झाल्याने बेटाच्या दक्षिण टोकाजवळ समुद्रात उतरले. दहापैकी नऊ जण वाचले, एक जखमी तोफची विमानाबरोबर बुडाला. सुमारे ५८ मीटर खोलीवरील या अवशेषांत माल्टा विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी अमेरिकी संरक्षण खात्याच्या सहकार्याने उत्खनन केले. तेथे सापडलेल्या अवशेषांवरून त्या सैनिकाची ओळख सुमारे ऐंशी वर्षांनी निश्चित झाली आणि त्याच्या कुटुंबाची प्रतीक्षा संपली.

ही प्रतीक्षा सर्वांचीच संपलेली नाही. डिसेंबर १९९५ मध्ये ट्युनिशियातील जेरबा बेटावरून माल्टाकडे निघालेले एक छोटे विमान सहा जणांसह नाहीसे झाले. रडार आणि रेडिओच्या युगातील हे विमान आजतागायत सापडलेले नाही. व्हॅलेटाच्या वेशीजवळ, फ्लोरियाना येथे सोनेरी गरुड मिरविणारा एक उंच स्तंभ आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरात हरवलेल्या आणि ज्यांना थडगे लाभले नाही अशा राष्ट्रकुल देशांच्या सुमारे २३०० हवाई सैनिकांची नावे तेथे कोरलेली आहेत. युद्धात हरवलेल्यांना निदान हा स्तंभ मिळाला. १९९५ च्या त्या सहा जणांचे आप्त मात्र अजून समुद्राकडेच उत्तर मागत आहेत.