धान्याच्या घरातील मांजराचे पिल्लू

कणगीतील धान्य उंदरांपासून वाचावे म्हणून शेतकरी मांजर पाळतो. परंतु त्याच घरात कुत्रा, कोंबड्या व गुरेही नांदतात, याचा विचार पिल्लू आणताना क्वचितच होतो. पुष्कळदा डोळे उघडताच पिल्लू आईपासून तोडले जाते. हे अयोग्य होय. निदान 8 आठवडे ते आईजवळ राहू द्यावे; शिकार धरण्याचे शिक्षण त्यास तिच्याकडूनच मिळते.

नव्या पिल्लास आरंभी काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे. त्याच्या अंथरुणाचे फडके कुत्र्यास हुंगू द्यावे व मग कुत्र्यास साखळीने बांधून दोघांची भेट घडवावी. कोंबडीची पिल्ले मात्र डालग्याखालीच झाकावीत. मांजर कितीही माणसाळलेले असो, त्याचा भरवसा धरू नये. घरात झिंक फॉस्फाइडचे आमिषही ठेवू नये, कारण विष खाल्लेला उंदीर मांजराच्याही जिवावर बेततो.

खरे भय रेबीजचे आहे. कुत्र्यास लस टोचणारे घरही मांजरास विसरते! पिल्लू 3 महिन्यांचे होताच पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यास लस टोचून घ्यावी. पुढील मात्रा पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे द्याव्यात. मांजर चावल्यास वा त्याने ओरबाडल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही न लावता त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. लक्षणे उमटल्यानंतर रोगी बहुधा वाचत नाही. ग्रामसेवकांनी लसीकरणाच्या यादीत कुत्र्यांबरोबर मांजरांचीही नोंद करावी.