बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास
मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे तत्कालीन विकास विभागाने १९२० नंतर २०७ चाळी उभारल्या. खोली अवघी १६० चौरस फुटांची, शौचालय सामाईक. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची सदनिका मालकी हक्काने व विनामूल्य देय आहे. तरीही रहिवासी का कचरले? खोली रिकामी केल्यावर हाती कोणता कागद उरणार, ही त्यांची शंका रास्तच होती. म्हणून संक्रमण शिबिरात जाण्यापूर्वी नोंदणीकृत कराराची मागणी पुढे आली. उंच इमारतीतील उद्वाहनाचा व देखभालीचा खर्च हाही वादाचा विषय ठरला. चाळीच्या लांब मार्गिकेतील शेजार मात्र कोणत्याच करारात लिहिता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शिवडीची जमीन बंदराच्या मालकीची असल्याने तेथील प्रश्न वेगळा आहे.