वस्त्राआडचे स्पंदन

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी शरीराच्या पृष्ठभागावर जो विद्युद्दाब उमटतो तो जेमतेम एक मिलिव्होल्ट, म्हणजे विजेरीतल्या एका सेलच्या दाबाचा सुमारे पंधराशेवा हिस्सा. आणि एवढ्याशा दाबाची कागदावर नोंद होण्यासाठी शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या शेतकरी बाईला काय काय सोसावे लागते हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला त्वचेस स्पर्श न करता हे काम करू पाहणाऱ्या साधनांविषयी वाटणारे कुतूहल केवळ शास्त्रीय राहत नाही.

आवणीच्या दिवसांत, पाठीवर इरले घेऊन सकाळपासून चिखलात वाकलेली एक वृद्धा छातीत कळ येते म्हणून गावच्या आरोग्य-स्वयंसेविका आशाताईंच्या सोबतीने किन्हवली-सरळगाव रस्त्यालगतच्या एका दवाखान्यात आली. केसपेपर निघाला, पडदा ओढला गेला आणि तिला कॉटवर निजवण्यात आले. उजव्या हाताला लाल, डाव्याला पिवळी, डाव्या पायाला हिरवी आणि उजव्याला काळी, अशा चार क्लिपा लावण्याचा शिरस्ता. परंतु मनगटावर काचेच्या बांगड्या, त्याखाली गोंदण, आणि घोट्याशी वाळलेल्या चिखलाखाली इतकी राठ झालेली कातडी, की सिस्टरांनी बांगड्या कोपराकडे सारून, स्पिरिटच्या बोळ्याने ती जागा पुन्हा पुन्हा पुसून जेली चोपडली, तेव्हा कुठे क्लिपेची पकड बसली. मग छातीवरचे सहा रबरी बल्ब. त्यांपैकी चौथ्याची जागा डाव्या स्तनाखाली, पाचव्या आणि सहाव्या फासळ्यांच्या मधल्या खाचेत. तिथे हात जाताच वृद्धेने पदर घट्ट धरला. ‘‘बाय, ह्ये बी काढाया लागंल का? आन् करंट तं नाय ना लागणार?’’ सिस्टर म्हणाल्या, ‘‘नाय गं आजी, ह्यो करंट तुझाच हाय, आमचा नाय. निवांत पड.’’ भीतीने ताठरलेल्या स्नायूंची थरथर रेषेत उतरत होती. सिस्टरांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, थोडा वेळ जाऊ दिला, आणि मग सेकंदाला 25 मिलिमीटर या गतीने पट्टी बाहेर येऊ लागली. संकोचापायी तो बल्ब एखादी फासळी वर लागला, तर लहरींची ठेवण पालटून नसलेल्या विकाराचा आभास होऊ शकतो. म्हणजे इथे लज्जेचा परिणाम थेट निदानापर्यंत पोहोचतो.

त्वचेशी करावी लागणारी ही रदबदली या विद्येच्या जन्मापासूनची आहे. लायडेनच्या विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तारेच्या गॅल्व्हानोमीटरने हृदयाचे आलेख काढले, तेव्हा रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवावे लागत. 1924 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि पाण्याची जागा पुढे जेलीने घेतली. जेलीही नको, हा विचार 1960 नंतरच्या दशकात पुढे येऊ लागला. शरीर ही एक पट्टी, यंत्रातली धातूची चकती ही दुसरी, आणि मधले वस्त्र हा विद्युतरोधक थर, असा तो कपॅसिटर. त्यातून पलीकडे जाणारा प्रवाह इतका नगण्य, की त्याचा मागोवा घेणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःसाठी जवळजवळ काहीच न घेता केवळ दाब ओळखता आला पाहिजे. 2002 मध्ये इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तर सुमारे एक मीटर अंतरावरून हृदयाचे स्पंदन टिपून दाखवले. परंतु जे यंत्र एवढे हळवे, ते खोलीतल्या वीजवाहक तारांची 50 हर्ट्झची गुणगुणही तितक्याच आस्थेने ऐकते, ही त्याची पंचाईत.

मुरबाड तालुक्यातील एका शाळेच्या पडवीत भरलेल्या आरोग्य तपासणीच्या शिबिरात याच तत्त्वावर चालणारी एक प्रायोगिक खुर्ची मला पाहावयास मिळाली. पाठीला कापडाआड दोन तांब्याच्या चकत्या, बैठकीवर विद्युत्‌वाहक कापडाची घडी, आणि शेजारी संगणकाचा पडदा. पावसात अर्धवट भिजलेली सुती बंडी घातलेला शेतकरी टेकून बसताच रेषेवर ठोक्यांची टोके स्वच्छ उमटली, कारण ओलसर सुतातून संकेत सुलभतेने येतो. त्याच्या पाठोपाठ कोरड्या टेरिलीनच्या शर्टात बसलेले गुरुजी पाठ किंचित घासतात न घासतात तोच, त्या घर्षणाच्या विजेने रेषा पडद्याबाहेर निघून गेली. कोणी बोलले की रेषा डोले, कोणी खोकले की ती उसळे, आणि डोक्यावरची ट्यूबलाइट मालवल्यावर तिची जाडी कमी होई. मोठी टोके दिसत, त्यांच्यातील अंतर मोजता येई, ठोके नियमित आहेत की विस्कळीत हेही कळे. पण टोकाच्या आधीची लहानशी लहर बहुधा गोंगाटात बुडून जाई.

यातून या साधनाची योग्यता आणि मर्यादा दोन्ही ठरतात. हृदयविकाराच्या झटक्याची खातरजमा करण्यासाठी क्लिपा आणि बल्ब लावून काढलेली बारा लीडांची पट्टीच लागते, आणि माळशेज घाटाच्या पायथ्याच्या पाड्यावरून मुरबाडला आणि तेथून उल्हासनगरला रुग्ण हलवावयाचा की नाही, हा निर्णय तूर्त तरी खुर्चीच्या भरवशावर घेता येणार नाही. मात्र ज्यांच्या ठोक्यांत अनियमितपणा आहे अशांना शेकड्यांतून निवडून काढणे, आणि ज्या स्त्रिया पदर सोडावा लागेल या धास्तीने तपासणीलाच येत नाहीत त्यांना निदान पहिल्या उंबरठ्यापर्यंत आणणे, ही कामगिरी लुगड्यावरून पार पडू शकते.

त्या पडवीत आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. क्लिपा आणि बल्ब रुग्णाला एका अर्थी जखडून ठेवतात, अस्पर्श यंत्राला तो अधिकार नाही. त्याला रुग्णाचे स्थैर्य रुग्णाच्याच राजीखुशीने मिळवावे लागते. म्हणून खुर्चीशेजारी जो तंत्रज्ञ उभा होता त्याचे निम्मे काम आशाताईच करीत होत्या: कोणाला पाणी देऊन, कोणाच्या गावचे नातेगोते विचारून, कोणाला श्वास सावकाश घ्यायला सांगून. यंत्र त्वचेपासून जितके दूर सरकेल तितकी त्याच्या शेजारी ओळखीच्या माणसाची गरज वाढेल. तेव्हा अशा खुर्च्या उद्या आरोग्य केंद्रांना बहाल करताना, त्या ओळखीच्या माणसाच्या वेळेची आणि मानधनाची तजवीज त्याच हुकमात झाली पाहिजे.