मांडवातला स्विचर: आधी केबल बघा

पेठ वडगावात मोठ्या लग्नाला स्क्रीन आणि दोन-तीन कॅमेरे लावणार असाल, तर कॅमेऱ्यांची चित्रं बदलणाऱ्या स्विचरइतकाच विचार केबलचा करा. साधी एचडीएमआय केबल १०-१५ मीटरनंतर भरवशाची राहत नाही. मांडवाच्या टोकाचा कॅमेरा एसडीआयवरच घ्या: ७५ ओहमची कोअॅक्स केबल, बीएनसी कनेक्टर. सगळ्या कॅमेऱ्यांचा फॉरमॅट एकच हवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून १०८०पी ५० आणि शटर १/५० ठेवलं की दिव्यांची फडफड बरीचशी टळते.

साउंड मिक्सरचा आवाज स्विचरपर्यंत एक्सएलआरच्या बॅलन्स्ड लाइनने आणा. घूं आवाज येतोय म्हणून अर्थिंगची पिन कधीही काढू नका, जिवावर बेतेल! मिक्सर आणि स्विचर विजेच्या एकाच बोर्डावर घ्या. तरीही घुमलंच, तर आवाजाच्या लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.